डोळे मध्यावर

बाहुलीचे डोळे डोक्याच्या बरोबर मध्यावर येतात. टाळूपासून हनुवटीपर्यंत मापायचं, निम्मं करायचं, तिथं दोरा बांधायचा. सांगून कुणाला पटत नाही. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या बायकासुद्धा पहिल्या बाहुलीला डोळे वर, कपाळात काढतात आणि मग ‘ही अशी थोराड का दिसतेय हो?’ म्हणून विचारतात. धाकट्याला हे सांगितलं तेव्हा तो पट्टी घेऊन आरशापुढं उभा राहिला. मग त्यानं बाबांचं डोकं मोजलं, ताईचं मोजलं, शेजारच्या आंटींचं मोजलं आणि शेवटी आंटींच्या कुत्र्याचं. कुत्र्याचं गणित काही जमलं नाही. बाकी सगळ्यांचे डोळे मध्यावर निघाले. आंटी खूश. सत्तरी ओलांडली तरी आपले डोळे नेमके कुठं आहेत हे आजवर कुणी विचारलं नव्हतं म्हणाल्या.

हे असं लिहिलं की मुलांना घरी शिकवणं फार गोड वाटतं. म्हणून लगेच दुसऱ्या दिवसाचंही सांगून टाकते. दुसऱ्या दिवशी हाच मुलगा सातच्या पाढ्यावर रुसून तासभर टेबलाखाली बसला होता. मी टेबलावर एकीची मान आवळत होते (बाहुलीची), थोरली कानात बोटं घालून इतिहास वाचत होती आणि पोळ्या व्हायच्या होत्या. त्या झाल्याच नाहीत. संध्याकाळी पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा भोंगा ऐकू आला आणि रानात मन्ना, ती बायबलमधली आकाशातून पडलेली भाकर, मिळाल्याच्या आनंदात मी पिशवी घेऊन धावले. रात्री पोया (इथले पाव) आणि कालची आमटी.

लोक विचारतात, सगळं सांभाळता कसं? उपासना, मुलांची शाळा, बाहुल्यांचं काम, वर घर. मी पूर्वी काहीतरी छानसं उत्तर द्यायचे. वेळापत्रक, पहाटे उठणं, प्रार्थना वगैरे. आता खरं सांगते. मी सांभाळत नाही. रोज यातलं एक कुणीतरी उपाशी राहतं. रात्री दिवा मालवताना मी एवढंच बघते, की काल जे उपाशी राहिलं तेच आज पुन्हा राहिलेलं नाही ना.

आम्ही मूळचे नगरचे. नवऱ्याला थिवीच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी लागली म्हणून नऊ वर्षांपूर्वी हळदोण्याला भाड्यानं राहायला आलो. इथं आल्यावर एक गंमत कळली. आम्ही क्रिश्चन म्हटल्यावर लोक कोकणीत किंवा इंग्रजीत बोलायला लागायचे आणि मी मराठीत उत्तर दिलं की चक्रावायचे. म्हापशाच्या बाजारात नाड्या आणि लेसा विकणाऱ्या बाईंनी तर माझ्या तोंडावर सांगितलं, ‘मराठी म्हणजे हिंदू ना तुम्ही?’ त्यांचं तरी काय चुकलं? इथं चर्च म्हटलं की कोकणी मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची उपासना, मराठी म्हटलं की देवळातलं भजन. नगर, जालना, सोलापूरकडची मराठी देवळं, म्हणजे आमची चर्चेस, त्यांतल्या पेटी-तबल्यावरच्या उपासना इथं कुणी पाहिलेल्या नसतात. आम्ही सात कुटुंबं दर रविवारी म्हापशाला एका घरात जमतो. पाळकसाहेब महिन्यातून एकदा येतात, बाकीचे रविवार आपले आपण.

आणि तरी गंमत अशी, की ख्रिस्ताची गोष्ट मराठी ओवीत पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर सांगितली गेली ती गोव्यातच. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट पाद्री १५७९ साली गोव्यात आला, इथली भाषा शिकला आणि त्याचं ख्रिस्तपुराण १६१६ साली रायतूरला छापलं गेलं. जवळजवळ अकरा हजार ओव्या. देवनागरीचे खिळे नव्हते म्हणून मराठी पुराण रोमन अक्षरांत छापावं लागलं. नवे ख्रिस्ती झालेले लोक म्हणत होते, आमची जुनी पुराणं सुटली, मग आता वाचायचं काय? त्यांच्यासाठी हा खटाटोप. थोरलीला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, ‘म्हणजे त्यालाही आयता अभ्यासक्रम मिळाला नाही.’ मला तो माणूस तेव्हापासून आमच्यातलाच वाटतो.

आमच्या घरी शिकवण्याची सुरुवात काही मोठ्या तत्त्वानं झाली नाही. २०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या. थोरली तेव्हा सात वर्षांची. फोनच्या चार इंची पडद्यात तिची शाळा आणि माझ्या मांडीवर तान्हा. शाळा पुन्हा उघडल्या तोवर तिला घरीच वाचायची चटक लागली होती आणि मला तिची. आणखी एक वर्ष बघू म्हणत राहिलो. नवरा म्हणाला, प्रार्थना करू. आम्ही केली. आकाशातून काही आवाज आला नाही. एवढंच, की जूनमध्ये गणवेशाचं कापड आणायला आम्ही दोघंही गेलो नाही.

कायद्याचं विचाराल तर सहा ते चौदा वयाच्या मुलांच्या मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा २००९ चा कायदा आहे. घरी शिकवण्याची वाट त्यात आखून दिलेली नाही आणि घरी शिकवणाऱ्या आईबापांना शिक्षाही सांगितलेली नाही. मधल्या त्या फटीत आमच्यासारखी घरं राहतात. थोरलीला चौदा पूर्ण झाली की राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून दहावीला बसवायचं ठरलं आहे. पाच विषय, नोंदणी पाच वर्षं चालते, आणि मराठी घेता येतं. हे मी इतक्या जणांना इतक्या वेळा सांगितलं आहे की धाकटाही पाहुण्यांना पाण्याबरोबर ते देतो.

नणंदेला मात्र पटलेलं नाही. ती शाळेत शिकवते, त्यामुळे तिला लागतं, आणि ते मला समजतं. मागच्या मे महिन्यात आली होती. कैरी चिरता चिरता म्हणाली, ‘वहिनी, हे सगळं अमेरिकेतलं खूळ आहे. आपल्यात कुणी केलंय असं?’ तेव्हा मला पटकन सुचलं नाही. रात्री अंथरुणावर सुचलं, नेहमीसारखं. रमाबाई! पंडिता रमाबाई कुठल्या शाळेत गेल्या होत्या? १८५८ चा जन्म, गंगामूळच्या रानात. वडिलांनी, अनंतशास्त्री डोंगऱ्यांनी, लोकांचा रोष पत्करून बायकोला संस्कृत शिकवलं, आणि मग त्या बायकोनं, लक्ष्मीबाईंनी, आठव्या वर्षापासून लेकीला शिकवलं. तेही घरी नाही, कारण घरच नव्हतं. तीर्थक्षेत्रांमागून तीर्थक्षेत्रं पायी फिरत. त्या मुलीनं पुढं केडगावला मुक्ती मिशन उभारलं, मूळ हिब्रू-ग्रीकवरून सगळा बायबल मराठीत आणला, आणि तिथल्याच बायकांनी त्याचे खिळे जुळवून तो छापला. छापून पूर्ण झाला १९२४ ला, रमाबाई गेल्यानंतर दोन वर्षांनी. सकाळी हे सगळं नणंदेला ऐकवायचं म्हणून मी उठले, तर ती भांडी घासून, चहा टाकून, धाकट्याला सातचा पाढा म्हणून दाखवत बसली होती. तालावर. पाठ झाला होता त्याचा. मग रमाबाई राहिल्या.

पुस्तकांची अडचण खरी आहे. ख्रिस्ती आयांसाठी घरच्या शाळेची पुस्तकं ढिगानं मिळतात, पण ती अमेरिकेची. त्यात ऑक्टोबरमध्ये पानं लाल होतात, डिसेंबरमध्ये बर्फ पडतो आणि सफरचंदं मोजली जातात. आमच्याकडे ऑक्टोबरात घाम येतो. शार्लट मेसन (१८४२–१९२३) या इंग्रज शिक्षिकेच्या दोन गोष्टी तेवढ्या मी उचलल्या. धडा छोटा ठेवायचा, पंधरा-वीस मिनिटांचा. आणि वाचून झालं की मुलानं ते आपल्या शब्दांत सांगायचं, मध्ये टोकायचं नाही. टोकायचं नाही हे मला सर्वांत जड जातं. ‘योसेफाला भावांनी खड्ड्यात टाकलं कारण त्याचा शर्ट भारी होता’ असं धाकटा सांगतो तेव्हा मी जीभ चावते. चावून बघितल्यावर वाटतं, बरोबरच तर आहे.

निसर्गाची वही आहे, तिला तीन रकाने: तारीख, काय बदललं, कारण. कारण लिहिल्याशिवाय नोंद पुरी नाही, हा माझा नियम. घरातला दुसरा नियम कात्रीचा. माझी दोऱ्याची छोटी कात्री कुणी घ्यायची नाही. कागद कापायला नाही, पिशवी उघडायला नाही, नखं तर नाहीच. कागदानं धार जाते. हा नियम नवऱ्यालाही लागू आहे आणि तो त्यानं आजवर दोनदा मोडला आहे.

बाहुल्या मी आजीकडून शिकले, असं म्हणायची पद्धत आहे. खरं तर आजीच्या बाहुल्या भयंकर असायच्या. जुन्या लुगड्याच्या चिंध्या, मांजरपाटाचं तोंड आणि कोळशाचे डोळे. पण त्या झोपताना कुशीत घेता यायच्या आणि भिंतीवर आपटल्या तरी बिघडायच्या नाहीत. माझी पद्धत वेगळी, जर्मनीकडची. तिकडच्या वॉल्डॉर्फ शाळांमध्ये, पहिली १९१९ साली स्टुटगार्टला निघाली, अशा बाहुल्या करतात. त्या शाळांमागचं रुडॉल्फ स्टायनरचं अध्यात्म मला मानवत नाही, ते मी त्यांच्याकडेच राहू दिलं. डोकं बांधायची रीत तेवढी घेतली, कारण ती अप्रतिम आहे.

लोकर पिंजून तिचा घट्ट, अगदी संत्र्यासारखा कडक गोळा करायचा. तो सुती बँडेजच्या नळीत घालून खाली मान आवळायची. मग डोळ्यांच्या रेघेवर आडवा दोरा बांधायचा, असा की बोट दुखलं पाहिजे. दोरा रुतला की एकदम कपाळ आणि गाल वेगळे होतात. मग उभा दोरा, टाळूवरून हनुवटीखाली. जिथं दोन्ही दोरे एकमेकांना भेटतात तिथं कान, तिथं टाके घालून पक्कं करायचं. आता मागच्या बाजूचा आडवा दोरा सुईनं धरून हळूहळू खाली मानेकडे ओढायचा. इथं श्वास रोखला जातो. तो खाली उतरला की डोक्याची मागची बाजू बाळाच्या डोक्यासारखी गोल भरते. मग यावर बनियनचं कापड ताणून बसवायचं, शिवण मागं. नाक हवं असेल तर आत लोकरीची वाटाण्याएवढी गोळी. डोळे म्हणजे चार-पाच टाके. तोंड म्हणजे एक टाका, फार तर दोन. हसरं तोंड मी काढत नाही. कायमच्या हसऱ्या बाहुलीला रडवता येत नाही, आणि मुलांना बाहुली रडवायची असते, तिला ताप आणायचा असतो, शिक्षा करायची असते.

लोकर नगरकडची, धनगरांच्या मेंढ्यांची, घोंगड्याची. जाड, खरखरीत, काळी. केसांना रंगवावी लागत नाही. रिठ्यानं तीनदा धुतली तरी पावसाळ्यात बाहुलीच्या डोक्याला मेंढराचा बारीकसा वास येतो. एका गिऱ्हाईक बाईंनी त्याबद्दल तक्रार केली. धाकट्याचं मत, ज्यांना वास आवडत नाही त्यांना तेविसावं स्तोत्र म्हणायचा हक्क नाही.

कातडीचा रंग चहा आणि कात यांनी देते. पहिल्या वर्षी मोठं पातेलं रिकामं नव्हतं म्हणून लोखंडी कढईत चहा उकळला, त्यात दोन मीटर कापड बुडवलं आणि गव्हाळ लेकींच्या ऐवजी राखाडी भुतं बाहेर आली. चहातलं टॅनिन आणि कढईचं लोखंड. जुन्या काळची काळी शाई याच मेळातून व्हायची. मी डोक्याला हात लावून बसले होते, मुलं मात्र हिरडा कुटून, त्यात गंजके खिळे टाकून शाई करायला धावली. झाली शाई. फरशीवर अजून एक डाग आहे, भाडं परत करताना मालकाला काय सांगायचं ते ठरलेलं नाही. त्या राखाडी कापडाचं मी हत्तीचं पिल्लू केलं आणि ते सर्वांत आधी विकलं गेलं.

गोव्याच्या पावसानं मात्र हसवलं नाही. एका जुलैमध्ये कपाटातल्या अकरा बाहुल्यांना बुरशी लागली. दार उघडलं तर ओलसर, आंबूस वास आणि पोटांवर हिरवे-काळे ठिपके. ऊन नव्हतं, इस्त्री करून बघितली, व्हिनेगर लावलं, पण आतली लोकर ओली ती ओलीच. मुलांच्या हातात देण्याजोगं काही उरलं नाही. आता जूनपूर्वी सगळं विकून टाकते किंवा लोकर कोरडीच ठेवते, पत्र्याच्या डब्यात, कडुनिंबाच्या पाल्यासकट. कागदपत्रांचं थोडक्यात: १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय खूण लागते, केंद्राच्या हस्तकला आयुक्तालयाकडे नोंदलेल्या कारागिरांना त्यातून सूट आहे. ते ‘पहचान’ कार्ड मी काढून घेतलं आहे. पण डोळ्यांना बटण मी तरीही लावत नाही. खेळणी तपासायला ३१.७ मिलिमीटर व्यासाची नळी असते. तिच्यात जे आख्खं मावतं ते तीन वर्षांखालच्या मुलाच्या खेळण्यात नको, कारण ते घशात मावतं.

आता त्या ऑर्डरीबद्दल. ते टाळता येणार नाही, कारण थोरली हा लेख वाचणार आहे. दोन वर्षांपूर्वी किनाऱ्यावरच्या एका दुकानानं पस्तीस बाहुल्या मागितल्या, डिसेंबरच्या हंगामासाठी. लाल चौकड्याचं कुणबी कापड नेसलेल्या. आगाऊ रक्कम चांगली होती आणि नवऱ्याचा पगार तेव्हा दोन महिने लांबला होता. मी हो म्हटलं. ऑक्टोबरचा शेवट आणि सगळा नोव्हेंबर घरभर हात, पाय, डोकी. सकाळची उपासना आधी दहा मिनिटांवर आली, मग चालता चालता एक प्रार्थना, मग ‘रात्री करू’. रविवारी सुई धरायची नाही हा माझा नियम नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मोडला. मुलांना मी म्हणायचे, आपलं आपण वाचा. थोरली रोज वहीत त्या दिवसाचा अभ्यास लिहिते. डिसेंबरच्या पहिल्या तारखेला पार्सल गेलं आणि मी ती वही उघडली. तिच्या नेटक्या अक्षरात, एकोणीस दिवस, एकाखाली एक:

आज शाळा: बाहुली.
आज शाळा: बाहुली.
आज शाळा: बाहुली.

तक्रार नव्हती ती. तिला खोटं लिहिता येत नाही, एवढंच. मधल्या एका दिवशी ‘आज शाळा: बाहुली आणि धाकट्याला आंघोळ’ असं होतं. दुकानानं उरलेले पैसे मार्चमध्ये दिले, तेही तीन बाहुल्यांचे कापून. पण ते दुखणं लवकर बरं झालं. वहीचं पान मात्र मी अजून उलटू शकत नाही. ते तसंच दुमडून ठेवलंय, आणि मोठी ऑर्डर आली की ती वही काढून टेबलावर ठेवते. मग बारा बाहुल्यांना हो म्हणते.

गेल्या नोव्हेंबरची गोष्ट. आंटींच्या बाल्कांवात, म्हणजे दारापुढच्या पडवीत, दर नाताळला मोठा गोठा होतो. वर्तमानपत्रांचे डोंगर, आरशाचं तळं, मेंढरं, राजे, आणि शेतं म्हणून ताटल्यांतून उगवलेली नाचणी. बाळ येशू मातीचा, त्यांच्या आईच्या वेळचा, चोवीस तारखेच्या मध्यरात्रीपर्यंत तो कपाटात असतो. कपाटातच उंदरानं त्याला पाडलं. डोकं फुटलं. आंटी आमच्या पायरीवर येऊन बसल्या, हातात एक निळी फीत. कोलव्याच्या मिनिन जेजूच्या, म्हणजे बाळ येशूच्या, फामाला (उत्सवाला), ऑक्टोबरात, लोक मूर्तीच्या उंचीएवढी फीत घेऊन येतात, ती रीत त्यांना माहीत. तशीच यांनी फुटक्या बाळाच्या मापाची फीत कापून आणली होती. ‘तूं बावल्यो करता न्हय? आमकां हो एक कर.’

मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. चहा केला.

बाहेरच्याला हे हास्यास्पद वाटेल. पण मी नगरच्या ज्या घरात वाढले तिथं भिंतीवर वचनाचं कॅलेंडर सोडून काही नव्हतं. प्रभूचं चित्रसुद्धा नाही. दहा आज्ञांतली दुसरी आम्हाला पहिलीच्या आधी पाठ होती. बाहुली करणं वेगळं; ती कोण आहे हे मूल ठरवतं. ही मात्र कोण आहे हे आधीच ठरलेलं, आणि तिच्यापुढं मेणबत्ती लागणार, लोक हात जोडणार. शास्त्र उघडून बसले. निर्गमाच्या विसाव्या अध्यायात कोरीव मूर्ती करू नको, आणि सहा अध्यायांनंतर सभामंडपाच्या पडद्यांवर करूब, म्हणजे पंख असलेले देवदूत, काढायला सांगितलेत, कुशल कारागिराच्या हातून. एकतिसाव्यात बसालेलाला देवानं आपल्या आत्म्यानं भरलं ते उपदेशासाठी नव्हे, कारागिरीसाठी. यातून काय घ्यायचं? दोन रात्री मला दोन्ही बाजू पटत राहिल्या.

शेवटी पप्पांना फोन केला. ते मिशनच्या शाळेतून निवृत्त झालेले, मतांना पक्के. मी सगळं मांडलं, आज्ञा, करूब, बसालेल, आंटी, उंदीर. बराच वेळ पलीकडून नुसता पंख्याचा आवाज. मग म्हणाले, ‘किती इंचांची करायची म्हणतात?’

‘सहा.’

‘सहा इंचांत बोटं निघतील तुझी?’

एवढंच बोलले. मग मेव्हण्याच्या गुडघ्याबद्दल सांगत बसले. हे संमती म्हणून धरायचं की कसं, ते मी अजून विचारलेलं नाही.

बोटं निघाली नाहीत. मुठी केल्या, मिटलेल्या. बाकी शोध डोळ्यांपाशी लागला. मी उघडे डोळे काढायला घेतले आणि हात चालेना. बाळाच्या त्या दोन टाक्यांनी माझ्याकडं बघावं असं काही मला करवेना. मग प्रत्येक डोळ्याला एकच टाका घातला, खाली झोकलेला. झोपलेलं बाळ. आंटींनी ते तळहातावर घेतलं, फितीला लावून मापलं, नाकाशी नेलं, मेंढराचा वास त्यांना आला असणारच. ‘न्हिदला न्हय?’ मी हो म्हटलं. ‘देव बरें करूं,’ म्हणाल्या आणि पदराखाली झाकावं तसं एप्रनखाली झाकून घेऊन गेल्या. पैसे मी घेतले नाहीत, तर रोज एक डबा यायला लागला. नेवऱ्या, दोदोल, कुलकुलं. नाताळापर्यंत आम्ही तिघं-चौघं चांगलेच गरगरीत झालो.

गोठ्याची शेती धाकट्याकडे होती. आंटी म्हणत होत्या, नाचणी बारा तारखेच्या आसपास टाक. यानं पाचलाच टाकली, कारण थांबवेना. वहीत रोजची नोंद. ‘७ डिसेंबर, पांढरं टोक, कारण पाणी.’ ‘११ डिसेंबर, दीड इंच, कारण ऊन.’ ‘१६ डिसेंबर, साडेतीन इंच, एक ताटली वाकडी, कारण कुत्रा.’

चोवीसला आमची उपासना म्हापशाला झाली. सातही कुटुंबं आलेली, पेटीचा एक सूर दाबला की सुटत नव्हता, तो तसाच सगळ्या गीतांतून गुणगुणत राहिला. परत आलो तेव्हा साडेबारा झाले होते. आंटी मध्यरात्रीच्या मिस्साहून नुकत्याच आल्या होत्या, बाल्कांवात तारा पेटला होता, आणि त्या गोठ्यापुढं कमरेवर हात ठेवून उभ्या. बाळ ठेवलं होतं, पण दिसत नव्हतं. नाचणी वाढून वाढून आडवी झाली होती आणि गव्हाणीवर पसरली होती. मरिया आणि योसेफ गुडघाभर गवतात उभे राहून गवताकडंच बघत होते.

धाकटा घरात पळाला. परत आला तेव्हा त्याच्या हातात माझी कात्री होती. दोऱ्याची.

मी तोंड उघडलं. थोरलीनं माझ्याकडं बघितलं. तो गुडघ्यांवर बसला, एका हातानं बाळावर ओंजळ धरली आणि दुसऱ्या हातानं नाचणीचं एकेक पातं कापायला लागला. घाई नाही. हिरवा रस पात्यावरून त्याच्या बोटांवर येत होता आणि तो मधूनमधून शर्टाला पुसत होता, नाताळच्या नव्या शर्टाला. आंटी मेणबत्ती धरून वाकल्या होत्या. मी तोंड मिटलं.

झोपायच्या आधी त्यानं वही मागितली. सकाळी बघितली मी.

२४ डिसेंबर, साडेपाच इंच. त्याखाली, २५ डिसेंबर, पावणेदोन इंच. कारणाच्या रकान्यात: आईची कात्री.